पहिल्या रांगेतला फौजदार

कानातले इअरफोन काढा. पुण्याच्या विद्यापीठात चित्रित झालेलं ते शिव्यांचं रॅप, ज्याच्यावर २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला, ते राहू द्या घरीच. तेरखेड्यात बैलगाडीत चढा आणि चला येरमाळ्याला, येडाई देवीच्या चैत्री यात्रेला. काळ मागचा, महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षंच झालीत. वंगणाचा नि कडब्याचा वास नाकात बसलाय, फुफाटा दातांत करकरतोय आणि दिवसभर तापलेली फळी अजून चटके देतेय.

तमाशाच्या कनातीत शिरायला रेटा द्यावा लागेल. द्या! आत घाम, विड्यांचा धूर, भज्यांचं करपलेलं तेल. गॅसबत्त्या सूं सूं करतायत, भोवती किड्यांचा घोळका. हलगी कडाडते, ढोलकी तिला उत्तर देते आणि तुमच्या बरगड्या आतून हलायला लागतात. गण झाला. गवळणीतली मावशी कंबर लचकवत आली. लुगडं नेसलेला बाप्याच तो. पण आज बिचकतोय. पहिल्या रांगेत फौजदार बसलाय, टोपी मांडीवर ठेवून.

फडाच्या ट्रंकेत, फडक्यात गुंडाळून, सरकारी परिनिरीक्षण मंडळाच्या मंजुरीची वही आहे. तिच्यात असेल तेवढंच बोलायचं, फौजदार त्यासाठीच बसलाय. आता बतावणी कधी वहीत मावलीय का? समोरच्याचा पटका बघून सोंगाड्या जागच्या जागी जोडणार, ढोलकीवाला त्यावर थाप मारणार. तुमचे रॅपवाले तरी दुसरं काय करतात?

याच्याही आधी मुख्यमंत्री खेरांच्या सरकारनं मुंबई इलाख्यात तमाशा अश्लील म्हणून बंदच केला होता. तेरखेडा तेव्हा निजामाच्या मुलखात म्हणून सुटला, मुंबई इलाख्यातली बार्शी मात्र बंदीत. पुढं दत्तो वामन पोतदारांच्या समितीनं वाट काढली, तमाशा सुरू झाला, पण मागं ही वही लागली. महार, मांग, कोल्हाट्यांच्या चुली त्या बंदीत विझल्या, ते मला विसरता येत नाही.

आणि नाचणारीकडे नीट बघा. पायांत चाळांचं ओझं, ओठांवर हसू. दौलतजादा करणारा नोट देताना तिचं मनगट सोडत नाही. त्याला कुणी हटकत नाही. कात्री लागते ती तिच्या गाण्यातल्या शब्दाला.

फौजदार चहाला उठतो. ढोलकी एक क्षण थांबते. सोंगाड्या दाराकडं बघतो, मावशीला डोळा घालतो, आणि वहीत नसलेला तो शब्द येतो. फेटे उडतात, धुरळा उठतो, शेजारचा म्हातारा तुमच्या मांडीवर थाप मारून हसतो. तुमचंही पोट दुखायला लागतं. कनातीबाहेर, गाड्यांच्या आडोशाला, बायाबापड्या बसल्यात. त्यांना आत यायची सोय नाही.

सकाळी येडाईची पालखी निघते. चुन्याच्या रानात प्रथेप्रमाणे सगळे वाकून चुनखडी वेचतायत, तुम्हीही. पुढची म्हातारी ओच्यात खडे टाकता टाकता सुनेच्या कानाशी लागते आणि रात्रीचा तोच शब्द हळूच म्हणते. सून पदर तोंडात कोंबते. तिच्या ओच्यातले खडे खाली सांडतात.