अन्ननासाडी नियंत्रण : कायदे व विनियम

अन्न वाया घालवले म्हणून दंड करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. साठवण, दान आणि कचरा यांच्या नियमांत हा विषय विखुरलेला आहे.

सरकारचे लक्ष आधी पाहुण्यांच्या संख्येकडे गेले. धान्यटंचाईच्या काळात, 1955च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याचा आधार घेऊन काही राज्यांनी अतिथी नियंत्रण आदेश काढले. समारंभात किती माणसे जेवतील हे सरकार ठरवू लागले. पुढे वाद गोदामांकडे वळला. सडू घातलेले धान्य गरिबांना फुकट वाटा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2010मध्ये सांगितले. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी ती केवळ सूचना आहे, आदेश नव्हे, असे मानले. तो आदेशच होता, असा खुलासा न्यायालयाला त्याच महिन्यात करावा लागला.

दानाचे नियम 2019 साली आले आणि 1 जुलै 2020पासून लागू झाले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या या विनियमांत दानाची सक्ती नाही. दिलेले अन्न सुरक्षित असावे, त्याची नोंद राहावी, एवढाच आग्रह आहे. कढईत उरलेला, कुणी हात न लावलेला भात त्यांत बसतो; पत्रावळीवरचा बसत नाही. फ्रान्सने 2016च्या कायद्याने 400 चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना धर्मादाय संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. पण महाराष्ट्रातल्या हिंगोली जिल्ह्यात असा कायदा आणला तरी तो लावायचा कुणाला? इथली नासाडी सुपरमार्केटात कमी, लग्नाच्या मांडवात जास्त.

मांडवाला भिडणारा नियम सापडतो तो कचऱ्याच्या कागदांत. 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक लोकांचा कार्यक्रम करायचा, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवून ओला-सुका कचरा वेगळा करून द्यावा लागे. लग्नाच्या धावपळीत नगरपरिषदेत ही वर्दी देणारा वधुपिता विरळाच! शिवाय हे नियम मुख्यतः शहरी हद्दीपुरते होते. हिंगोली, वसमत व कळमनुरी या नगरपरिषदा आणि सेनगाव व औंढा नागनाथ या नगरपंचायती त्यांच्या कक्षेत येत. 2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे 85 टक्के लोकसंख्या मात्र ग्रामीण आहे.