पांढरकवड्याची वाघीण आणि परफ्यूमची बाटली

ऑक्टोबर २०१८. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या जंगलात एका वाघिणीचा शोध चालू होता. वनविभागाने दोनशेच्या आसपास माणसे, शंभरावर कॅमेरे, ड्रोन, हत्ती, पॅराग्लायडर, बंदुका आणि भुलीची औषधे जमवली होती. केन कोर्सो जातीचे इटालियन कुत्रेही आणले होते. या सरंजामात एक वस्तू मात्र अगदीच विजोड होती, ती म्हणजे पुरुषांसाठीचा अमेरिकी परफ्यूम, ‘कॅल्विन क्लाइन’चा ‘ऑब्सेशन फॉर मेन’.

जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी चवीने छापली आणि वाचणारे हसले. आजचा धागा त्या बाटलीविषयी आहे. ती कापसाच्या या मुलखात कोणत्या वाटेने पोहोचली, हे पाहू लागलो की अकबराच्या दरबारापासून नोबेल पारितोषिकापर्यंत फिरून यावे लागते.

आधी प्रसंग समजून घेऊ. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्यालय, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे. टिपेश्वर अभयारण्य जवळच आहे. परंतु ही वाघीण, सरकारी नोंदीतील टी-१ आणि वन्यजीवप्रेमींची ‘अवनी’, अभयारण्याबाहेर, शेतांच्या मधोमध उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांत राहत होती. दीडशे चौरस किलोमीटरांहून मोठा तिचा वावर. त्यात राळेगाव आणि केळापूर तालुक्यांतील गावे, कपाशीची शेते, गुरांच्या चराया. जून २०१६ मध्ये बोराटी येथे कपाशीच्या शेतात एका वृद्धेचा मृतदेह सापडला. ऑगस्ट २०१८ पर्यंत तेरा मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. सर्व मृत्यूंना जनुकीय पुरावा नव्हता, आणि टी-२ हा नर वाघही त्याच परिसरात होता, हे येथे नोंदवायला हवे. तसेच हेही, की या गावांतील माणसे दोन वर्षे शेतात एकट्याने जाऊ शकत नव्हती. शहरात बसून ‘अवनी वाचवा’ म्हणणे सोपे होते. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आदेश असा होता: शक्यतो बेशुद्ध करून पकडा, ते न जमल्यास गोळी घाला.

वाघीण पिंजऱ्याकडे येईना. आमिषांना बधेना. मग नाकाचा मार्ग सुचला.

त्या मार्गाचे मूळ जुने आहे. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त सुगंधी द्रव्यांचे एक प्रकरण आहे, आणि त्यात ‘जबाद’ नावाच्या, मांजरासारख्या प्राण्यापासून मिळणाऱ्या ओलसर द्रव्याचे वर्णन येते. मराठीतला ‘जवादी’ तो हाच. जवादी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथींतून तो काढत. (जवादी मांजर हे नावाचेच मांजर. प्राणिशास्त्र त्याला मार्जार कुळात धरत नाही.) शुद्ध जवादीचा दर्प असह्य असतो, अत्यल्प मिसळला की तोच अत्तराला टिकाऊपणा आणि ऊब देतो. लिओपोल्ड रुझिका या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये त्यातील मुख्य रेणूची, सिव्हेटोनची, रचना उलगडली. सतरा कार्बन अणूंचे ते कडे होते. एवढे मोठे कडे टिकूच शकत नाही, असा तोवर रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. १९३९ चे नोबेल रुझिकाला मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता. पुढे सिव्हेटोन प्रयोगशाळेत बनू लागला, आणि १९८६ मध्ये बाजारात आलेल्या ‘ऑब्सेशन फॉर मेन’च्या गंधातही त्याच जातीची छटा उतरली.

२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चोवीस परफ्यूम चित्त्यांसमोर फवारून पाहण्यात आले. एका प्रसिद्ध परफ्यूमपाशी चित्ते जेमतेम दोन सेकंद थांबले. ‘ऑब्सेशन’पाशी सरासरी अकरा मिनिटे. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जग्वारांना कॅमेऱ्यासमोर आणण्यासाठी संशोधकांनी तोच वापरला. पांढरकवड्याला आलेली बाटली या परंपरेतली.

मांजरांवर वासाची एवढी सत्ता का? वाघ मान वर करून, वरचा ओठ मागे ओढून, दात दाखवत क्षणभर थिजलेला दिसतो. पाहणाऱ्याला ते गुरगुरणे वाटते. वस्तुतः तो त्या वेळी वास ‘वाचत’ असतो. टाळूच्या वरच्या बाजूला असलेल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे तो गंधकण पोहोचवतो. या मुद्रेला फ्लेहमेन म्हणतात. घरातली मांजरेही ती करतात. झाडाच्या खोडावर शेपटी उभारून मागे फवारलेल्या द्रवातून कोण येऊन गेले, नर की मादी, केव्हा, मीलनास उत्सुक की नाही, हे सारे कळते. चवीच्या बाबतीत मात्र हे कुळ कंगाल आहे. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा एक जनुक मांजर, वाघ आणि चित्ता या तिघांतही निकामी असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. वाघापुढे गुळाची ढेप ठेवून उपयोग नाही.

वाघाच्या या द्रवाचा अभ्यास भारतातच झाला, आणि ती कथा मला परफ्यूमच्या कथेहून अधिक मोहक वाटते. ओडिशात सिमलीपालचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांच्या घरी ‘खैरी’ नावाची वाघीण वाढली. तिच्या फवाऱ्याचा सुवास रतनलाल ब्रह्मचारी यांना ओळखीचा वाटला. पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की बासमतीला गंध देणारा रेणूच वाघाच्या द्रवात आहे. आपल्या आंबेमोहोराचा घमघमाटही त्याच रेणूचा.

आता २ नोव्हेंबर २०१८ ची रात्र. बोराटीच्या जंगलात, कक्ष क्रमांक १४९ मध्ये, दुसऱ्या एका वाघिणीचे मूत्र आणि तो अमेरिकी परफ्यूम पसरण्यात आला होता. टी-१ वास घेत आली. शिकारी नवाब शफाअत अली खान यांचे पुत्र असगर अली यांनी झाडलेल्या गोळीने ती ठार झाली. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, यावर मोठे वादळ उठले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियमभंगांवर बोट ठेवले गेले.

‘परफ्यूमने वाघीण मारली’ असे तेव्हापासून सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. दोन गंध एकत्र पसरले असताना श्रेय एकाला देता येत नाही, आणि द्यायचेच तर मी परक्या वाघिणीच्या मूत्राला देईन. परफ्यूम फार तर कुतूहल जागवतो. मूत्र मात्र सांगते की तुझ्या हद्दीत दुसरी कोणी शिरली आहे. टी-१ जवळ त्या वेळी साधारण अकरा महिन्यांचे दोन बछडे होते. बछडे दीड ते दोन वर्षे आईवर अवलंबून असतात, आणि हद्द गेली म्हणजे त्यांची शिकार गेली. अशी आई त्या वासाकडे पाठ कशी फिरवणार?

तिच्या बछड्यांपैकी मादीला २२ डिसेंबर २०१८ रोजी पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पात ठेवण्यात आले. नर हाती लागला नाही. पेंचमध्ये त्या मादीला पीटीआरएफ-८४ हा क्रमांक मिळाला. कुंपणाआड ती शिकार शिकली, मोठी झाली, आणि ५ मार्च २०२१ रोजी रेडिओ कॉलर लावून तिला खुल्या जंगलात सोडले. त्या जंगलातल्या झाडांवर दुसऱ्या वाघांच्या खुणा आधीच होत्या. काही दिवसांतच एका वाघाशी झालेल्या झुंजीत ती गंभीर जखमी झाली. उपचारासाठी तिला नागपूरच्या गोरेवाड्यात आणले, आणि मार्चच्या मध्यावर ती मरण पावली.