मोटारींतील पिवळ्या दिव्याची जन्मकथा



मोटार चालू असतां समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा एकाएकीं लागतो आणि चालविणाऱ्याच्या काळजांत धस्स होतें. गेल्या वर्षीं आमच्या गाडींतही तो लागला. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, दिवाच बंद करून टाकतों, कटकट मिटेल." पस्तीस वर्षें वर्गावर काढलेल्या मला तें पटेना. खोडी सांगणाऱ्या मॉनिटरलाच वर्गाबाहेर काढण्यासारखा हा न्याय झाला!

हा दिवा इंजिनाच्या काळजीपोटीं जन्मला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो जन्मला हवेच्या काळजीपोटीं.

१९४३ सालच्या जुलैंत अमेरिकेंतील लॉस एंजल्स शहरावर डोळ्यांना झोंबणारें दाट धुरकें पसरलें. युद्धाचे दिवस, शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी लोकांना शंका आली. जवळच पासाडेना येथें हागन-स्मिट नांवाचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत असत. त्यांनीं पुढें १९५० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, मोटारींच्या धुरांतील न जळलेलें इंधन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडून हें धुरकें बनतें. अपराधी दारोदार उभा होता!

१९७० सालीं तेथें स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला; १९७५ पासून मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसूं लागला. पण तो बिघडल्याचें कळावें कसें? धूर मोजण्याचें यंत्र कांहीं घरोघरीं नसतें. म्हणून कॅलिफोर्नियानें १९८८ च्या मोटारींपासून इंजिनानेंच आपली तपासणी करून दिवा लावावा, असा नियम केला. १९९६ पासून त्याची सुधारलेली पद्धति सर्व अमेरिकेंत लागू झाली. धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असा बिघाड दिसला कीं दिवा लागलाच पाहिजे, असा तो दंडक. भारतांत ही पद्धति २०१० नंतर टप्प्याटप्प्यानें आली.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे दिव्याचीं कारणें आपोआप उलगडतात. कांहीं मोटारींत टाकीचें झांकण सैल राहिलें तरी तो लागतो, कारण पेट्रोलची वाफ हवेंत जाते. ऑक्सिजन सेन्सर जुना झाला कीं हवा व इंधन यांचें प्रमाण चुकतें. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल निकामी झाली तर इंधन न जळतांच बाहेर पडतें, कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें आणि त्याची राखरांगोळी करतें. म्हणून दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी सुरक्षित जागीं थांबवावी.

आम्हीं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलों. एक प्लग झिजला होता. तो बदलला आणि दिवा विझला. गाडी आमची खरी, पण तिचा धूर गल्लींत खेळणाऱ्या मुलांच्या वांट्याला येतो. तो दिवा त्यांच्या वतीनें लागलेला असतो.