‘कुसुमानिल’ : दोन साहित्यिकांच्या प्रेमाचा पत्ररूप ग्रंथ

महाल, नागपूर (प्रतिनिधी) : दोन लेखक, त्यांचे प्रेम, ताटातूट आणि पुनर्भेट हा कादंबरीचा आवडता विषय. नागपूरच्या वाङ्मयविश्वात मात्र तो खऱ्या पत्रांतून वाचावयास मिळतो. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षे होत होती.

आत्माराम रावजी देशपांडे ऊर्फ अनिल (१९०१-१९८२) मूर्तिजापूरचे, तर कुसुमावती जयवंत (१९०४-१९६१) अमरावतीच्या. जाती भिन्न असल्याने दोघांना बराच काळ वाट पाहावी लागली. विवाह १९२९ मध्ये झाला. नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन भिन्न जातीच्या हिंदूंना कायद्याची वाट मोकळी झाली होती. पण महालातील वाड्यांत काय किंवा वऱ्हाडातील घरांत काय, कायद्याने घरच्यांची संमती मिळत नसे. पत्र हाच अशा वेळी खरा आधार.

या पत्रांचा भार वेगळ्याच कारणाने जाणवतो. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असते, लिहिणाऱ्या दोघांना नसते. लग्न होईल की नाही, ही त्यांची चिंता. सहजीवन किती वर्षांचे, हे आपल्याला माहीत. ते बत्तीस वर्षांचे ठरले.

नंतरच्या काळात अनिलांनी ‘फुलवात’ (१९३२), ‘भग्नमूर्ती’, ‘पेर्ते व्हा’ लिहून मुक्तछंद मराठीत रुजविला. कुसुमावतींनी नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केले, ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ हे कथासंग्रह आणि ‘पासंग’ हा समीक्षाग्रंथ दिला. ‘मराठी कादंबरीचे पहिले शतक’ लिहून त्यांनी शंभर वर्षांच्या कादंबरीचे मोजमाप केले. इतरांच्या प्रेमकथा इतक्या कठोरपणे तोलणाऱ्या लेखिकेची स्वतःची कथा पत्रांतच राहिली, हा योग विलक्षणच.

मालवणच्या १९५८ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते. १९६१ मध्ये ग्वाल्हेरला तो मान कुसुमावतींना मिळाला. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. (दुसऱ्या, दुर्गा भागवत, त्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले.) त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला कुसुमावतींचे निधन झाले.

रुसलेल्या प्रियेला उद्देशून असलेली, कुमार गंधर्वांनी गायिलेली अनिलांची प्रसिद्ध कविता पत्नीच्या मृत्यूनंतर लिहिली गेली, असे आजही सांगितले जाते. ही दंतकथा आहे. कविता कुसुमावतींच्या हयातीतीलच. त्यांच्या पश्चात अनिलांनी ‘दशपदी’ (१९७६) लिहिली. तिला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.