गुत्ता आणि पब्लिक हाउस

दारूच्या दुकानाला आपल्याकडे 'गुत्ता' म्हणतात. हा शब्द उच्चारताना आपले तोंड थोडे वाकडे होते, आणि म्हणूनच बहुधा त्याच्या अर्थाकडे आपण कधी नीट पाहिले नाही. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता, ठेका. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये 'गुत्तिगे' म्हणजे आजही कंत्राट, आणि 'गुत्तिगेदार' म्हणजे रस्ता बांधणाऱ्यापासून धान्य पुरवणाऱ्यापर्यंत कोणताही कंत्राटदार. मराठवाड्यातही ठेकेदाराला गुत्तेदारच म्हणतात. सरकारने ज्या दुकानाचा मक्ता दिला ते दुकान गुत्त्याचे, आणि पुढे दुकानच गुत्ता झाले.

आता इंग्रजांचा शब्द घ्या. ज्याला ते लाडाने 'पब' म्हणतात त्याचे पूर्ण नाव 'पब्लिक हाउस', म्हणजे सर्वांना उघडे असलेले घर. एकाच वस्तूच्या विक्रीच्या जागेला एका समाजाने घर म्हटले आणि दुसऱ्याने कंत्राट. हा फरक केवळ शब्दांचा नाही, त्यामागे दोन निरनिराळे इतिहास आहेत. दुसऱ्या इतिहासाचा मोठा भाग आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात घडला, आणि घडवणारे राज्यकर्ते मात्र पहिल्या देशातून आले होते. या लेखात मला त्या दोन इतिहासांची गाठ घालायची आहे.

प्रथम इंग्लंडचे पाहू. तिथे गावोगावी बिअर बनवून घराच्या ओसरीवर विकण्याची चाल फार जुनी. दुसऱ्या रिचर्डच्या काळात, १३९३ साली, अशा घरावर खूण लावणे सक्तीचे झाले. वाचता न येणाऱ्या माणसालाही घर ओळखता यावे म्हणून पाट्यांवर सिंह, हरीण, मुकुट, नांगर अशी चित्रे आली, आणि पबांची नावे आजही त्याच वळणाची असतात. १८३० साली पार्लमेंटने बिअरहाउस कायदा केला. घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला. लोक जिन सोडून बिअरकडे वळतील ही त्यामागची एक आशा होती. आठ-दहा वर्षांत अशी घरे चाळीस हजारांवर गेली. मग पस्तावलेल्या सरकारने १८६९ पासून परवाने पुन्हा न्यायाधीशांच्या हाती दिले.

परवाने मर्यादित होताच त्यांची किंमत वाढली, आणि बिअर गाळणाऱ्या कारखानदारांनी पब विकत घेण्याचा सपाटा लावला. यातून 'बांधलेला पब' जन्मला. इमारत कारखान्याची, चालवणारा कूळ. त्याने बिअर त्याच कारखान्याची घ्यायची. भाडे कमी, पण बिअरचा दर चढा. तिथले लोक पहिल्याला कोरडे भाडे आणि दुसऱ्याला ओले भाडे म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातले बहुतेक पब असे बांधले गेले होते.

या व्यवस्थेत कुळाची पिळवणूक होती हे उघड आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. कारखाना जिथे, तिथेच त्याचे पब. केंटमधल्या फेवरशॅमचा शेफर्ड नीम, यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टरचा सॅम्युअल स्मिथ, कीथलीचा टिमथी टेलर ही सगळी त्या त्या मुलखाची घराणी. १७५८ साली स्थापन झालेल्या सॅम्युअल स्मिथच्या कारखान्यात बिअर अजून दगडी हौदात आंबवतात, ओकच्या पिंपांसाठी पदरी पिंपकार ठेवतात आणि गावातल्या गावात पिंपे घोड्यांच्या गाडीतून पोचवतात. मालकाला आपल्या पबचे नाव राखावेसे वाटे, कारण ते घर त्याचेच होते. १९८९ साली सरकारने दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या बड्या कारखानदारांवर बंधने घातली. त्यांनी पब विकले आणि ते विकत घेणाऱ्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्या कंपन्या बिअर गाळत नव्हत्या, त्यांचा धंदा जागेच्या भाड्याचा होता. दोन हजारांच्या आतले हे प्रादेशिक कारखाने त्या कायद्याच्या बाहेर राहिले, आणि जुन्या वळणाचे बरेच पब त्यांच्यामुळे टिकले.

आता आपल्याकडे येऊ. १८१८ साली मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि काही वर्षांत इथे छावणी वसली. गोरा शिपाई आला तशी त्याची बिअरही आली. ती आधी बर्टनहून जहाजाने येई, पुढे १८५५ च्या सुमारास डायरने कसौलीला कारखाना काढला, आणि मीकिनने पुण्याजवळ खडकीलाही बिअर गाळली. पण छावणीत पब आला नाही. तिथे आले ते पलटणीचे कँटीन. ठरलेल्या वेळी उघडायचे, ठरलेला माल द्यायचा आणि बिगूल झाला की बंद व्हायचे. शिपायाला त्याच्या गावचे घर मिळाले नाही, मिळाला तो पुरवठा. कॅम्पातल्या या इंग्रजी व्यवस्थेशी गावातल्या रयतेचा संबंध नव्हता. तिच्यासाठी निराळी व्यवस्था होती, आणि तिचे नाव आबकारी.

आपल्या भागात पूर्वी मोहाची आणि गुळाची दारू होती, शिंदीची ताडी होती. कलाल आपल्या भट्टीवर गाळी आणि तिथेच विकी. भट्टीचा लिलाव होई आणि लिलावात बोली लावणारा सरकारात पैसे भरी. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला आणि हे चित्र बदलले. गावोगावच्या भट्ट्या बंद करून ठरावीक ठिकाणी मध्यवर्ती भट्टी ठेवायची, दारूची तीव्रता यंत्राने मोजून भट्टीबाहेर पडतानाच तिच्यावर कर घ्यायचा, दुकानांची संख्या ठरवायची, आणि जिल्ह्याचा मक्ता एका बड्या कंत्राटदाराला द्यायचा, अशी ही रचना होती. कंत्राटदाराने सरकारला वर्षाच्या किमान उत्पन्नाची हमी द्यायची. कमी भरले तर तूट त्याने सोसायची.

प्यायचे प्रमाण कमीत कमी आणि उत्पन्न जास्तीत जास्त, असे आपले धोरण सरकार सांगे. पण ज्याने किमान रकमेची हमी लिहून दिली आहे तो खप कमी होऊ देईल कसा? आणि घरात गुपचूप गाळणाऱ्यांना पकडण्यात त्याचाच फायदा असल्याने त्याची माणसे खेडोपाडी फिरत. वर्षानुवर्षे ज्या घरात सणाला मोहाची गाळत, ते घर एका कायद्याने गुन्हेगार ठरले. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर मोहाची फुले बाळगण्यावरही कायद्याने बंधन आले.

इंग्लंडच्या बांधलेल्या पबशी याची तुलना करून पाहा. कूळ तिथेही बांधलेले, दुकानदार इथेही बांधलेला. पण तिथल्या गिऱ्हाइकाला एका कारखान्याची बिअर आवडली नाही तर समोरच्या गल्लीत दुसऱ्याचा पब होता. इथे साऱ्या जिल्ह्याला एकच मक्तेदार. तिथे मालकाला चार माणसे तास-दोन तास बसावीत असे वाटे. इथे मक्तेदाराला जागा राखण्यात रस नव्हता, त्याचा मक्ता थोड्या मुदतीचा होता. बाक कशाला घाला, भिंतीला चुना कशाला लावा? रयतेने पैसे टाकावेत, उभ्याने घ्यावी आणि जावे. गुत्ता ओंगळ दिसतो याचा दोष आपण पिणाऱ्याला देतो, पण त्या ओंगळपणाची निम्मी बांधणी कराराच्या कागदावर झालेली आहे.

निपाणीच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. सिद्धोजीराव नाईक निंबाळकरांच्या निधनानंतर त्यांची जहागीर कंपनी सरकारने खालसा केली. त्यामुळे निपाणी ब्रिटिश मुलखात आली, पण काही कोसांवर कोल्हापूर संस्थानाची हद्द होती, आणि सांगली, कुरुंदवाड, जमखंडी यांचे तुकडे या प्रदेशात विखुरलेले होते. जिथे हद्द तिथे दर निराळा, आणि दर निराळा तिथे चोरटी ने-आण. मुंबई सरकारने अनेक संस्थानांशी करार करून त्यांची आबकारी आपल्या पद्धतीत ओढून घेतली, त्यामागे हेच कारण होते. सीमेवरचा माणूस कायदा पायांनी मोजतो, हे आपल्या भागाने तेव्हाच शिकून घेतले. पुढे गोव्याच्या बाटल्यांनी चोर्ला आणि आंबोलीच्या वाटेने तोच धडा पुन्हा गिरवला.

या व्यवस्थेला विरोध झाला नाही असे नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूची दुकाने वाढवण्याला लेखी विरोध केला. १९०८ साली टिळकांच्या पुण्यात स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहिले. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस बेळगावला भरली, आणि १९३० च्या चळवळीत दारूदुकानांवरची निरोधने ही देशभर नेहमीची गोष्ट झाली. त्यात स्त्रिया पुढे होत्या. त्या धर्माज्ञा सांगायला आल्या नव्हत्या. मजुरी घरी पोचत नाही हे त्यांना ठाऊक होते.

मराठी साहित्याने याची एकच मोठी नोंद केली, ती गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त. नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकर आणि सिंधू आपल्या लक्षात राहतात. मला मात्र इथे तळीरामाच्या 'आर्यमदिरामंडळा'ची आठवण करून द्यायची आहे. शास्त्री आणि खुदाबक्ष जिथे एकत्र बसतात, सभेचे कामकाज चालवतात, वाद घालतात, असे ते मंडळ. मराठी वाङ्मयात पबच्या जवळ जाणारे ठिकाण हेच. आणि ते विडंबन आहे! माणसे प्यायला एकत्र बसू शकतात ही कल्पनाच आपल्या रंगभूमीला हसण्याजोगी वाटली, कारण बाहेर बसायला जागाच नव्हती. शिवाय हे मंडळ पांढरपेशांचे. तंबाखूच्या वखारीतला हमाल किंवा गाडीवान त्या मंडळात नाही, आणि आपल्या इतर साहित्यातही तो पिताना दिसला तर बहुधा उपदेशाला निमित्त म्हणूनच दिसतो.

पुढचा इतिहास वेगाने सांगतो. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदी आली, आणि १९४९ च्या कायद्याखाली ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. गुत्ता गेला आणि हातभट्टी आली. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड मुंबई राज्यात राहिले, बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. दोन्ही राज्यांनी पुढे बंदी आपापल्या गतीने सैल केली. महाराष्ट्रात अजून १९४९ चाच कायदा आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. कर्नाटकाने अबकारी कायदा निराळा केला, सारायीचे मक्ते दिले, आणि १ जुलै २००७ ला सारायी बंद केली. घाऊक विक्री आता सरकारी महामंडळाकडे आहे. याच जिल्ह्यात उगारला शिरगावकरांचा साखर कारखाना आहे, आणि त्याच्या जोडीला मद्य बनवणारी डिस्टिलरीही. माल आपल्याच मातीतल्या उसाच्या मळीचा, पण टॅडकॅस्टरसारखे 'हे आमच्या गावचे घर' असे म्हणावे असे काही त्यातून उभे राहिले नाही. मधला दुवा अजूनही परवाना आणि मक्ता यांचाच.

इथे कोणी विचारील, मग आपल्याकडे पब हवे होते असे म्हणायचे आहे का? तसे नाही. इंग्लंडच्या पबनेही घरे उद्ध्वस्त केली, तिथेही बायका आणि चर्चवाले त्याविरुद्ध लढले, आणि कितीतरी काळ बाईने एकटीने आत जाणे तिथेही अशिष्ट मानले गेले. 'सर्वांचे घर' सर्वांचे नव्हते. मला एवढेच म्हणायचे आहे की परवान्याचा निर्णय कोणी घ्यायचा, या प्रश्नाचे उत्तर तिथे गावाच्या जवळ होते. परवान्याच्या सुनावणीत शेजारी हरकत घेऊ शकत. इथे निर्णय लिलावात झाला. महाराष्ट्रात आता गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला तर दुकान बंद होते. कर्नाटकात २०१९ च्या जानेवारीत दारूबंदी मागणाऱ्या हजारो ग्रामीण स्त्रिया चित्रदुर्गहून बंगळुरूपर्यंत पायी चालत गेल्या. दीडशे वर्षे ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी विचारा असे म्हणायला सुरुवात केली आहे. आबकारीच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना मी हीच मानतो.

शेवटी एक आठवण देतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. 'पब्लिक' या शब्दाचे आपण केलेले 'सार्वजनिक' हे भाषांतर इथे वाचनालयाच्या दारावर लागले. त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. इंग्रजांनी सार्वजनिक घर बिअरला दिले, आपण पुस्तकांना दिले, असे म्हणून टाळी घेणेही सोपे आहे. पण ज्याला वाचता येत नव्हते, ज्याची पाळी रात्री सुटे, त्याला बसायला आपण कोणते घर दिले? तालीम होती, देवळाचा पार होता, पुढे चहाचे हॉटेल आले, पण त्यांची दारेही जात पाहून उघडत. उरला गुत्ता, आणि तो घर नव्हता. आपल्या साहित्य संस्थांनी, व्याख्यानमालांनी या माणसाचा विचार अजून केलेला नाही. यंदा श्रोत्यांत कोण आहे हे पाहताना कोण आलेले नाही तेही मोजावे, एवढी विनंती करून हा लेख संपवतो.