बॉम्ब पडण्यापूर्वीचे बळी

युद्धाच्या इतिहासात मेलेल्या माणसांची मोजदाद होते, क्वचित घोड्यांचीही होते. पण १९३९ सालच्या सप्टेंबरात लंडन शहरात जी कुत्री-मांजरे मेली, त्यांची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. ती शत्रूच्या हातून मेली नव्हती, हेच त्याचे कारण असावे.

३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले आणि पशुवैद्यांच्या दारांशी रांगा लागल्या. रांगेतली माणसे आपली धडधाकट जनावरे मारवून घ्यायला आली होती! हिल्डा कीन या विदुषींनी २०१७ साली या प्रकरणावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या हिशेबाने पहिल्या आठवड्यातच एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख जनावरे, म्हणजे शहरातील कुत्र्या-मांजरांचा जवळजवळ चवथा हिस्सा, मारली गेली.

सरकारचा असा हुकूम नव्हता. हवाई हल्ल्यांत जनावरांची काळजी वाहावी म्हणून एक समिती नेमली होती, तिचे एक पत्रक मात्र होते. जनावरे आधीच खेड्यात पाठवा. ते जमत नसेल आणि शेजारीही सांभाळणार नसेल, तर त्यांना मारविणे हीच दया, असा त्याचा आशय. शेजारीच जनावरे मारण्याच्या पिस्तुलाची जाहिरात! इकडे सार्वजनिक आसऱ्यांत जनावरांना मज्जाव. मुले गावोगाव पाठवलेली, पुरुष लष्करात निघालेले, घरांना कुलपे लागलेली. ज्याचे खेड्यात कोणी नव्हते, त्याच्यापाशी त्या सल्ल्यातला शेवटचा भागच तेवढा उरला.

आणि लंडनवर बॉम्बवर्षावाला तोंड लागले ते ७ सप्टेंबर १९४० रोजी. मध्ये तब्बल एक वर्ष गेले! तेवढ्या अवधीत काय झाले नसते? पुढे त्याच समितीने जनावरांची नोंदणी करून त्यांच्या गळ्यात क्रमांकाचे बिल्ले अडकवले. हॅमिल्टनच्या डचेसने तर विल्टशरमधील आपल्या फर्न येथील जागेत शेकडो जनावरांना आश्रय दिला. म्हणजे मार्ग होते. ते भीतीच्या आधी सुचायला हवे होते. १९४० साली पॉप्लर भागात एका हवाई हल्ल्यानंतर रिप नावाचे बेवारशी कुत्रे सापडले. पुढे त्याने ढिगाऱ्यांखालची कितीतरी माणसे हुडकून दिली आणि १९४५ साली त्याला डिकिन पदक मिळाले.

हा धडा जगाने लगेच गिरवला असे नाही. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळ आले, तेव्हा अनेकांना सुटकेच्या वाहनांत जनावरे घेता येईनात, म्हणून कित्येकांनी बुडती घरेच सोडली नाहीत. २००६ साली तिथे कायदा झाला, की संकटकाळच्या योजनेत पाळीव जनावरांचाही विचार हवा. जनावराची तरतूद नसली, की माणसाचीही सुटका अडते, हे तेव्हा कुठे कागदावर आले.

लंडनच्या त्या रांगांतली माणसे निर्दय नव्हती. त्यांच्यापैकी पुष्कळजण रडतच घरी परतले असतील. त्यांना सल्ला मिळाला होता, जागा मिळाली नव्हती. आपल्या दाराशी पूर येवो की आग लागो, मुकी जनावरे कोणी उचलायची, न्यायची कुठे आणि चुकली तर ती कोणाची हे कसे कळायचे, एवढे तीन प्रश्न शांततेच्या दिवसांतच सोडवून ठेवावेत. ऐन घाईत त्यांची उत्तरे भीती देते, आणि ती कशी असतात हे लंडनने पाहिले आहे.