हातानं शिकलेलं पोटाला येतं

मंडळी, हातानं करून शिकणं ही काही आजची फॅशन नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली कितीतरी पोरं अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशननं सांभाळली. पोट भरता यावं म्हणून मिशनच्या शाळांत अक्षरओळखीसोबत सुतारकाम, विणकाम शिकवलं. मिशनचे इंजिनिअर डी. सी. चर्चिल यांनी तिथंच सुधारित हातमाग घडवला. पुढे १९३७ मध्ये आपल्या विदर्भातल्या वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली. तिचाही पाया हातकामच.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना आहेत. कामठ्यातल्या पोरांनी ते सुताराकडे, राईस मिलमध्ये, पंप दुरुस्तीवाल्याकडे घालवावेत. पालकहो, शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत विचारा: हे दिवस कधी?